वंगण

तार्तूच्या ज्या भागाला सूपनगर म्हणतात
तिथं गल्ल्यांची नावं बटाटा, वाटाणा, घेवडा.
बटाटा गल्लीतल्या लाकडी घराच्या माळ्यावर
मारेट बसते, कानांवर हेडफोन चढवून,
आणि बटाट्याचंच पीठ
चामड्याच्या जुन्या बटव्यात भरून दाबते:
कर्रम, कर्रम.
पडद्यावर एक कोल्हीण बर्फातून चालू लागते.

खरा बर्फ बाहेर आहे, गुडघाभर.
पहिल्या आठवड्यात तिनं तोच टिपला होता.
ऐकला, तर लाह्या फुटत होत्या.
तेव्हापासून खऱ्यावर तिचा विश्वास
जरा बेताचाच.

कोल्हिणीची नखं म्हणजे हातमोज्याला चिकटवलेल्या क्लिपा.
गुहेतला राक्षस म्हणजे रायवोची शिंक,
माइक चुकून चालू राहिला त्या दिवशीची,
उलटी फिरवून, चौपट सावकाश.
संगीताला रायवोच्या आत्याचं कान्नेल,
त्याची एक तार कधीच तुटलेली.
त्या सुराची पाळी आली की बोट हवेत फिरतं
आणि धून तिथं श्वास घेते.
नवी तार आणायचे पैसे होते खरं तर.
आणली नाही.

अडलं ते दारापाशी.
तिसऱ्या पातळीवर एक दार आहे,
ते उघडताना कळायला हवं
की आत कुणीतरी फार दिवस वाट बघतंय.
रायवोनं अकरा युरोत दोनशे दारं विकत घेतली.
किल्ल्यांची, तुरुंगांची, एक पाणबुडीचं,
एक तर चक्क फ्रिजचं.
सगळी व्यवस्थित उघडतात.
वाट कुणीच बघत नाही.

आणि खाली, रोज सकाळी सहा चाळीसला,
म्हाताऱ्या हेल्दुरचं फाटक:
कुर्रर्र... ईंईं...
आणि अगदी शेवटी एक बारीकसं अं,
आजारी माणूस कुशीवर वळताना येतं तसं.

मारेट जिना उतरून गेली. म्हणाली,
शनिवारी तुमच्या फाटकाचा आवाज घेऊ का?
हेल्दुरनं फाटकाकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं.
‘बरं’ म्हणाला.
त्याच्या मानानं हे भाषणच.

शनिवारी उणे अकरा. वारा पडलेला.
माइकला लोकरीची टोपी घालून
तिनं श्वास रोखला, फाटक ढकललं.
लोण्यातून सुरी फिरावी तसं
ते उघडलं.
पलीकडे हेल्दुर, दाढी केलेला,
इस्त्रीचा सदरा, वर जुना कोट.
‘लोकांना ऐकवणार म्हणालीस.
इतका कर्कश आवाज कसा ऐकवायचा?
वीस वर्षं मनात होतं.
काल रात्री घातलं एकदाचं वंगण.’

मग दोघांनी बिजागऱ्यांवर उकळतं पाणी ओतलं,
साबण फासला, शेगडीतली राख चोळली.
फाटक आपलं गप्प,
नव्यानं शहाणं झालेल्या पोरासारखं.
मारेट माइक आवरायला लागली.
तेव्हा हेल्दुर घसा खाकरून म्हणाला,
‘मला पाठ आहे तो.’
डोळे मिटले. हातानं हवेतलं काहीतरी धरलं,
सावकाश आपल्याकडे ओढलं,
आणि गळ्यातून:
कुर्रर्र... ईंईं...
शेवटचं अं सुद्धा.
एकदाच. पुन्हा म्हणायला तो तयार नव्हता.

रात्री रायवोनं ते दार सात वेळा उघडलं.
‘कुठलं लाकूड गं? ओक?’
‘अठ्ठ्याहत्तर वर्षांचं आहे,’ मारेट म्हणाली,
आणि आवाज अर्ध्या डेसिबलनंही
खालीवर करू दिला नाही.

आता सहा चाळीसला खाली काहीच वाजत नाही.
तिला जाग मात्र येते.
अंधारात पडल्या पडल्या ती कान देते:
फाटकापासून रस्त्याकडे
लाह्या फुटत जातात,
एकेक,
सावकाश.